अर्धा कोयता

नगरच्या कोर्टात मी अपघाताचे दावे चालवायचो. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय. बाररूममधले मित्र चिडवायचे, "अरे, जमिनीचे दावे घे, नातवापर्यंत पुरतात." मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर मला सूड घ्यायला आवडायचं, आणि या कामात तो कायदेशीर होता. माझ्या वडिलांची बोटं तेलाच्या घाण्यात गेली तेव्हा मालकाने घरी नवी धोतरजोडी पाठवली होती. वडिलांनी ती मुकाट्याने नेसली. मला ते अजून सहन होत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हंगामातली गोष्ट. तिसगावकडची एक बाई नवऱ्यासोबत माझ्याकडे आली. दोघं गोदाकाठच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेली होती. उसाने भरलेली बैलगाडी चढावर मागे सरकू लागली, म्हणून ती चाकाखाली दगड लावायला धावली आणि चाक हातावरून गेलं. उजवा हात मनगटापासून कापावा लागला. ती पदराखाली हात झाकून बसली होती. बोलत होता तो नवराच.

दावा लावला. कारखान्याचे वकील म्हणजे नगरमधलं बडं प्रस्थ. पहिल्याच तारखेला ते उठून म्हणाले, "ही बाई आमची कामगार नाहीच. कामावर नाव नवऱ्याचं. ही त्याला भाकरी घेऊन आली होती." आणि हसले. पाठोपाठ अख्खं कोर्ट हसलं. त्या हसण्याची परतफेड करायची, हे मी तिथेच ठरवलं.

अडचण मात्र खरी होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. मुकादम टोळी जमवतो, तोच कारखान्याशी बोलतो, आणि कोयता म्हणून नाव सांगतो ते पुरुषाचं. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण कुठे विचाराल तर ती नाहीच. टोळीतलं दुसरं कुणी साक्षीला यायला तयार नव्हतं. पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जायचं होतं सगळ्यांना.

एका संध्याकाळी ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "साहेब, माजा हात गेला आन् मुकादमानं दुसऱ्याच दिशी ह्यांचा अर्धा कोयता केला."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

मुकादम कारखान्याच्या बाजूने साक्षीला आला. कडक फेटा, पायात करकरणारा जोडा. बाई टोळीत नव्हतीच, असं शपथेवर सांगून झालं. मी उलटतपासाला उठलो आणि आधी त्याला चांगलं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

"मुकादम, उसाचा फड वाटून देताना तुम्ही कुणाला झुकतं माप देत नाही म्हणतात."

"न्हाईच देत. इचारा कुनालाबी."

"या माणसाला आधी किती सऱ्या तोडायला द्यायचात?"

"बाकीच्यांइतक्याच. पुरा कोयता हुता त्याचा."

"आणि अपघातानंतर?"

"निम्म्या. अर्धा कोयता झाला ना."

"हा तर धडधाकट होता. मग अर्धा कसा झाला?"

"आवो, जोडीतलं एक मानूस कमी झाल्यावर..." तो तिथेच थांबला.

"कोणतं माणूस, मुकादम?"

त्याने कारखान्याच्या वकिलांकडे पाहिलं. ते टेबलावरचे कागद चाळत होते. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं, तेव्हा त्याने मानेनेच बाईकडे दाखवलं. मी म्हटलं, "तोंडाने सांगा." त्याला सांगावं लागलं.

दुपारी ते बडे वकील स्वतः माझ्याकडे आले. मागितल्याच्या दुप्पट देतो, म्हणाले, फक्त तडजोड करा, निकाल लिहायला लावू नका. भीती कशाची ते मला कळत होतं. निकाल झाला असता तर फडातली प्रत्येक बाई कामगार ठरली असती. मला ते पैसे त्यांच्या तोंडावर फेकायचे होते, पण हात माझा गेला नव्हता. मी बाईला सगळं नीट सांगितलं. नवरा लगेच हो म्हणाला.

तिने विचारलं, "निकाल मुकादमाम्होरं वाचत्यात का?"

"भर कोर्टात."

"मंग लिवू द्या."

निकालाच्या दिवशी मी मुकादमाला मुद्दाम हजर ठेवलं. निकाल इंग्रजीत होता. न्यायाधीशांनी वाचला, उठून गेले, आणि मुकादम सुटल्यासारखा दाराकडे निघाला. मी त्याला अडवलं आणि निकाल ऐकायला आलेली त्याच्या टोळीतली माणसं उभी होती तिथेच मराठीत सांगितलं, की ही बाई ऊसतोड कामगार आहे, होती, आणि तिचा हात कामावर गेला.

ती पुढे आली. पदर बाजूला करून तिने तो तुटका हात त्याच्यासमोर धरला.

"साहेब, परत सांगा," ती म्हणाली. "त्यास्नी नीट ऐकू गेलं न्हाई."

मी परत सांगितलं. ती नको म्हणेपर्यंत सांगत राहिलो.