मानेतली डावीकडची नस

चहा पिता पिता बाबांच्या हातातून कप सुटला आणि दहा मिनिटं त्यांना शब्दच फुटेना. मग आपोआप सगळं ठीक. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली डावीकडची नस चरबी साचून जवळजवळ बंद झालीय.

घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला आणि दादाला बाहेर बोलावून समजावलं. नस उघडून आतला थर काढायचा. नाही काढला तर मोठा झटका कधीही येऊ शकतो. पण काढताना एखादा कण सुटून मेंदूत गेला, तर वाचा जाऊ शकते. शक्यता कमी, पण आहे.

आम्ही काय केलं? आपल्याकडे करतात तेच. कागदावर दादाने सही केली आणि बाबांना सांगितलं, छोटंसं ऑपरेशन आहे, चार दिवसांत मोहन्यातल्या आपल्या घरी. मी मुळातच तापट, त्यात घाबरलेली. त्यांच्यासमोर कोणी जास्त बोललं की मी डोळे वटारायचे.

पण बाबांचा जन्म गेलेला कारखान्यात चोंदलेले पाइप साफ करण्यात. आदल्या दुपारी त्यांनी शांतपणे विचारलं, "खरवडलेलं पुढे जाऊन अडकलं तर काय करतात गं?"

"अहो बाबा, डॉक्टर बघतील ना. तुम्ही कशाला डोकं चालवताय?"

मग ते फोन घेऊन बसले. गावच्या आत्याशी बोलले, कारखान्यातल्या दोन मित्रांशी बोलले, वर्तकनगरला दादाच्या मुलीला गोष्ट सांगितली. मला वाटलं, वेळ जात नाहीये. शेवटी म्हणाले, "बस जरा इथे. तुझ्याशीही बोलायचंय."

मी समोर बसले असते तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असतं. "उद्या बोला हो, मी काय पळून जातेय का," म्हणत फाइल उचलून बाहेर सटकले.

ऑपरेशन झालं. नस मोकळी झाली, जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टरांवर माझा राग नाही, त्यांनी सांगितलं होतं. आम्हीच ते पुढे पोचवलं नाही. बाबा बहुतेक हो म्हणालेही असते, पण ते त्यांनी म्हणायचं होतं. ही गोष्ट मला आतून खाते.

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसते. बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगतात, घाई करू नका. बाबा माझ्याकडे बघून "अगं" म्हणतात, बराच वेळ ओठ हलवत राहतात आणि पुन्हा "अगं" म्हणतात.