हिरवी ओढणी
कपाटातली हिरवी ओढणी काढली की लोखंडी धुळीचा वास येतो आणि पोलाद कारखान्याजवळच्या सुपेला वस्तीतली, रुळांकडे उघडणारी ती खिडकी आठवते. ऑक्युपेशनल थेरपी शिकताना मी तिथे एका आजोबांकडे जायचे. ते रेल्वेचे निवृत्त फाटकवाले होते; लकव्यानंतर उजवा हात उठेना, सदरा सून घालून देई, आणि ते मान खाली घालून बसत. “बाबाजी, हात वर करा ना,” मी चाचरत म्हटलं. “कावून?” आजोबांनी उलट विचारलं. “कोणती गाडी येऊन राहिली?” तेवढ्यात खरंच मालगाडीची शिट्टी आली. मी गळ्यातली हिरवी ओढणी झेंड्यासारखी त्यांच्या उजव्या मुठीत दिली. तांबूस उन्हात तो हात हळूहळू डोक्याच्या वर गेला, आणि शेवटच्या डब्यातून गार्डनं हिरवा झेंडा हलवला. “पाहिलं ना, पोरी? गाडी पास!” दुसऱ्या दिवशी सून सदरा घेऊन आली, तेव्हा तो त्यांनी स्वतः घालायला तिच्या हातून घेतला. आता मी थेरपीच्या विद्यार्थ्यांना हेच शिकवते: आधी हाताला त्याचं काम द्या. ओढणी मात्र अजून धुववत नाही.