पर्मनंटची यादी

कुंभवलीतल्या आमच्या चाळीत पोरं शिफ्टप्रमाणे हात बदलायची. कंपनीत मी पहिल्या शिफ्टला, शेजारीण दुसऱ्या शिफ्टला. दुपारी कंपनीची बस थांबली की मी उतरायची, ती आमची दोन्ही पोरं माझ्या हवाली करायची, आणि कोण जेवलं, कोणाचं अंग गरम आहे, सगळं त्या अर्ध्या मिनिटात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खायचा. माझी लेक शेजारणीच्या हातचं इतकी जेवली, की माझी आमटी तिला आजही अळणी लागते. खोली एवढीशी, पण मला ती अजून स्वप्नात दिसते.

लेक तीन वर्षांची झाली आणि मला दुसरं हवंसं वाटू लागलं. नेमकं तेव्हाच औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगमधल्या आम्हा बायकांना पर्मनंट करायची यादी निघणार, असं कानावर आलं. सुपरवायझर हसत हसत म्हणाला, "ताई, यंदा पाळणा नको हं." लेखी काही नाही. घरी टीव्ही लावावा तर प्रत्येक जाहिरातीत आई, बाप आणि एकच गोंडस मूल, त्याची वेगळी खोली. हे म्हणायचे, "छान आहे, नाही?" मी मान डोलवायची.

दारावर सुकट विकायला येणाऱ्या मावशीला मात्र राहवलं नाही. "टीवीवाले काय तुजं घर भरायला येनार हायत? पोरीला भाव नाय तर भैन नको?" मी हसण्यावारी नेलं. फार शहाणी समजत होते ना स्वतःला! यादी दरवर्षी पुढच्या वर्षावर जायची. अखेर नाव लागलं, पेढे वाटले, तोवर माझी चाळिशी उलटली होती.

गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आली. जावयाशी बोलून ठरलंय, मूल नकोच, म्हणाली.

मी कडाडले, "हे तुला मोबाईलनं शिकवलं!"

"आणि मी एकटीच का, ते तुला कुणी शिकवलं?"

आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं, असं आजवर सगळ्यांना सांगत आले होते. तिला मात्र सांगवेना.

"मला दुसरं हवं होतं गं," मी म्हणाले. "फार हवं होतं. तुझ्या बाबांनाही कधी बोलले नाही."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या ह्यांनी तो बाजूला ठेवला.

"मलाही," म्हणाले.