पम्याची दुधी काच

पम्याच्या बायकोचं स्वयंपाकघर तो मेल्यावर उजळलं.

वाईट वाटलं ना वाचून? मलाही लिहून वाटलं. पण आज त्याला जाऊन वर्ष झालं, आणि आजच्या दिवशी गोडगोड लिहायला मी काही त्याचा क्लायंट नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पम्या म्हणजे प्रमोद. माझा शाळेपासूनचा दोस्त. अमरावतीला राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर त्याचं ऑफिस होतं. लोकांची घरं सजायच्या आधी हा ती कॉम्प्युटरवर सजवून दाखवायचा. सोफा, पडदे, दिवे, सगळं. फोटोच वाटावा असं.

त्याचं स्वतःचं घर मात्र अकोल्याला, जठारपेठेत. तिथं शोभावहिनी. हा सोमवारी जायचा, शनिवारी उगवायचा.

त्या घराचं स्वयंपाकघर मधल्या खोलीत. खिडकी नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन माणसं भाजून काढतंय, आणि आत वहिनी बल्ब लावून पोळ्या लाटतायत.

त्यांचं मागणं एकच होतं. हॉलकडची भिंत ओट्याच्या वर पाडा आणि तिथं दुधी काच बसवा. उजेड आत येईल. बाहेर कोण आलं, कोण बसलं, तेही दिसेल.

पम्या म्हणाला, बसवू. आधी स्क्रीनवर बसवून पाहतो.

इथंच घात झाला.

साधी काच कॉम्प्युटरला जमते, भिंतही जमते. दुधी काच जमत नाही. उजेड तिच्यात शिरतो, आतल्या आत जरा भटकतो, मग पलीकडं निघतो. हे भटकणं कमी पडलं तर काचेचं प्लास्टिक होतं, जास्त झालं तर धुकं.

"धड आरपार नाही, धड बंद नाही. लय बेक्कार मटेरियल आहे बे," तो म्हणायचा.

म्हटलं, नवऱ्यासारखं.

हसला. आणि परत उजेड कमी-जास्त करायचा स्क्रीनवरचा स्लायडर सरकवत बसला.

वर्षं गेली. स्क्रीनवर काच खरी झाली. इतकी खरी की बिल्डर लोक फक्त ती पाहायला जिना चढायचे. कुणाच्या बाथरूमला लागली, कुणाच्या देवघराला. जठारपेठेत दर शनिवारी एकच उत्तर: अजून थोडी राह्यली.

तिची युक्ती तो चहावाल्यालाही सांगायचा, इतका खूश होता.

"काचीच्या मांगं कोणी उभं नसलं ना, त काच दिसतच नाही. नुसती पांढरी भिंत दिसते."

म्हणून त्याच्या प्रत्येक चित्रात काचेमागं एक बाई असायची. चेहरा नाही, पुसट आकार फक्त. डावा हात कमरेवर, मान उजव्या खांद्यावर कललेली.

एका साहेबांनी सांगितलं, ही बाई काढा, आमच्या मिसेसला चालणार नाही. दुसऱ्या घरच्या आजीबाईंना मात्र ती फार पटली. म्हणाल्या, राहू द्या, सून कामात दिसते तरी.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ओळखली. म्हटलं, वहिनी आहे ना बे ही?

"बोलू नको कुठी," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

नाही बोललो.

गेल्या वर्षी ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. समोर स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाचं किचन उघडं होतं.

पुढं ऑफिस रिकामं करायला वहिनी आल्या, सोबत मी. त्यांना ती चित्रं दाखवली. एक, दुसरं, तिसरं. मला वाटलं, रडतील.

त्यांनी त्या वाकड्या मानेवर बोट ठेवलं.

"ही तं मी होय," म्हणाल्या. "फोन खांद्यात धरला की माही मान अशी होते. पण भावजी, फोनवर मी यायच्याशीच बोलो. यायनं मले अशी कधी पाह्यली?"

तो तिकडं ऑफिसात बसून, कानाला फोन लावून, ती कशी उभी असेल याचा अंदाज बांधत होता. आणि अंदाज तंतोतंत बरोबर होता. बस पकडली असती तर अंदाजाची गरज नव्हती.

कॉम्प्युटर बंद करताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "साऱ्या गावाच्या घरात उजेडात उभी केली मले."

मग त्यांनीच गवंडी बोलावला. भिंत एका दुपारी पडली. दुसऱ्या दिवशी काचवाला येऊन काच बसवून गेला.

स्लायडर कुठंच लागला नाही.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मी हॉलमध्ये पम्याच्या जागेवर टेकलो. समोर ती काच, आणि काचेमागं वहिनी. डावा हात कमरेवर. मान मात्र सरळ.

मी मोठ्यानं म्हणालो, वहिनी, हुबेहूब त्याच्या चित्रासारखं दिसून राहिलं इथून.

"इकून या भावजी," त्या आतून म्हणाल्या. "इकून पाहा."

उठून आत गेलो. स्वयंपाकघरात लख्ख उजेड. बल्ब बंद. पोळ्यांचा डबासुद्धा चमकत होता. मी वळून काचेकडं पाहिलं. पलीकडं हॉल, सोफा, त्याची रिकामी जागा. सगळं पांढरं.

वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मांगं कोणी नसलं त काच दिसत नाही म्हणत होते ना ते?" त्या म्हणाल्या. "बराबर म्हणत होते."

आणि भांडी घासायला वळल्या.

पम्या, तुझी काच बसली रे. उजेड चांगला येतो.

मनापासून श्रद्धांजली, लेका.