नांदगावच्या बाकड्यावरचं ब्राझील

नांदगाव खंडेश्वरात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. हंगाम सरला की गिऱ्हाईक ओसरतं, पण बाहेरच्या बाकड्यावरची मंडळी हलत नाहीत. त्यांच्या गप्पा साठत जातात, आणि सध्या सगळ्यात मोठा स्टॉक ब्राझीलचा आहे! तिकडं सोयाबीन उदंड झालं की इथला भाव पडतो. त्यात बाकड्यावरच्या भाऊराव काकांची लेक वैशाली, अकोल्याला कृषी शिकलेली, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला तिथंच गेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी राहते.

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं वावर दाखवलं. कॅमेरा फिरला, फिरला, पण धुरा, म्हणजे शेताचा बांध, काही दिसेना.

"मंग हे लोकं शेजाऱ्याशी भांडतात कायच्यावरून?" काकांनी विचारलं.

"शेजारी लई दूर राहते, बाबा."

"अरेरे! करमते कसं त्याईले?"

*

एकदा तिनं नदीकाठचा कॅपिबारा दाखवला. डुकराएवढं धूड!

"बाबा, हा उंदराच्या जातीचा आहे."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाले, "पोरी, तिकडं मांजर केवढी असन?"

तिनं जग्वारचा फोटो पाठवला.

"हां, हिसाब बरोबर आहे!"

*

तिथं गाड्या उसाच्या अल्कोहोलवर चालतात, असं तिनं सांगितलं. बाकड्यावरचे प्रल्हादभाऊ लगेच म्हणाले, "आमच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बी त्याच्यावरच चालते!"

*

काकांनी दिवाळीपासून सोयाबीन विकलं नव्हतं. पोत्यांनी खोली भरली, काकू स्वयंपाकघरात झोपू लागल्या. तिकडं दुष्काळ पडला तर इथं भाव चढणार आणि काकांच्या घरावर स्लॅब पडणार! रोज येऊन विचारायचे, "भाऊ, ब्राझीलले पाणी आलं काय?" नाही म्हटलं की खूश.

जानेवारीत तिकडं खरंच पावसानं दडी मारली. भाव चढू लागला. बाकड्यावर पेढे निघाले, आणि तेवढ्यात वैशालीचा कॉल आला. करपलेलं वावर, मधोमध तो म्हातारा, हातात टोपी घेऊन आभाळाकडं बघत उभा.

"रोज असेच उभे राहतात, बाबा."

काकांनी हातातला पेढा परत ठेवला. मलाही माझा गोड लागेना.

आमच्याकडं पाऊस लांबला की महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच देवळात बादल्या नेत होते. भर जानेवारीत! प्रल्हादभाऊ धावले, मी मागोमाग.

"काका, भाव चढून राहिला, अन् हे काय? अन् आपला हरभरा फुलावर आहे, इथंच पाणी आलं तं?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"इथं कायले येते? म्या पत्ता सांगतला ना त्याले," काका म्हणाले. "तू बादली धर."