समोरच्याचा हात

माझ्या मोठ्या भावाला इमारतीत सगळे डॉक्टर म्हणत. एकदा तळमजल्यावरच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन वर आल्या. दादाने तो खिडकीशी धरून अगदी मनापासून पाहिला आणि म्हणाला, "काकू, मी गणितातला डॉक्टर. गुडघ्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

काकू हसल्या. मग सहज म्हणाल्या, "मग रोज दुपारी बॅग घेऊन जाता कुठे?"

"एका खाजगी ठिकाणी असतो," दादा म्हणाला.

ते खाजगी ठिकाण म्हणजे ब्रिजचा क्लब. माझा भाऊ पत्ते खेळून घर चालवायचा.

आमचे वडील छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवून जुळवून त्यांची बोटं कायमची काळी झाली होती. दादाच्या प्रबंधातली सूत्रं त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यातलं प्रत्येक चिन्ह कुठल्या कप्प्यातून काढावं लागेल, ते मात्र सांगता यायचं. मुलगा पीएच.डी. झाला तेव्हा त्यांनी छापखान्यात सगळ्यांना चहा पाजला. योगायोगाच्या गोष्टी किती वेळा घडतील याचा अंदाज बांधायचा, असा काहीसा दादाचा विषय होता. वडील लोकांना सांगायचे, "नशिबाचं गणित करतो तो."

दादाला कॉलेजात नोकरी मिळाली, पण हंगामी. दर वर्षी नवं पत्र यायचं. गणित घेणारी मुलं कमी होत होती. शेवटी शेवटी वर्गात इतकी थोडी पोरं असायची, की कुणी शिंकलं तरी तास थांबायचा, असं तो सांगायचा. मोकळा वेळ भरपूर. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळणारे एक सर होते, त्यांनी त्याला स्टाफरूममध्ये ब्रिज शिकवला.

हा खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ठरलेल्या बोली लावायच्या आणि त्यांवरूनच समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. दादा आणि सर या खेळात असे मुरले, की दोघं मिळून लहानमोठ्या स्पर्धा मारू लागले. मी एकदा बघायला गेले होते. तासभर दोघांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नाही. पण उठताना सर नुसतं "तो किलवरचा गुलाम..." एवढंच म्हणाले आणि दादाला असं हसू फुटलं, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा हसलेला नाही.

मग कॉलेजने गणिताचा विभागच बंद केला. दादा घरी बसला. वहिनी एका इस्पितळात औषधं देण्याच्या खिडकीवर होती. तिच्या पगारावर घर चालत होतं, पण ओढून ताणून. त्याच सुमारास क्लबातल्या एका गृहस्थांनी दादाला बोलावणं धाडलं.

त्यांचा फरश्यांचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना फरशीवाले म्हणत. साठी उलटलेली, बायको गेलेली, कारखाना मुलाने ताब्यात घेतलेला. उरला होता तो ब्रिज. खेळ बेताचा, पण हौस दांडगी. मरायच्या आत मोठ्या स्पर्धेचा कप एकदा तरी घरी आणायचा, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांना पगारी जोडीदार हवा होता.

"रोज दुपारी माझ्याबरोबर खेळायचं, स्पर्धांना यायचं. पगार महिन्याच्या महिन्याला," ते म्हणाले. "कॉलेज द्यायचं त्याहून जास्त देईन."

"वर्षभर करतो," दादा वहिनीला म्हणाला. "तोवर कुठेतरी जागा निघेल."

जागा काही निघाली नाही.

वडिलांना कळलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "पत्ते कुटायला एवढा शिकलास?" वडिलांनी तो घास खाल्ला, ताट तसंच ठेवलं आणि उठले. त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. छापखान्यातल्या जुन्या मित्रांना ते शेवटपर्यंत सांगत राहिले, मुलगा कॉलेजात आहे.

पगारी जोडीदाराचं काम बाहेरून वाटतं तसं सोपं नसतं. डाव हरला की चूक आपली, जिंकला की अक्कल मालकाची. फरशीवाले भलतीच बोली लावून बसायचे आणि वर म्हणायचे, "डॉक्टर, तुम्ही मला ओळखलंच नाहीत." दादा म्हणायचा, "चुकलं साहेब." प्रयोगशाळेतले सर शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाबरोबर खेळत असायचे. ते हे ऐकायचे आणि मान खाली घालायचे.

पण फरशीवाले माणूस वाईट नव्हते. वहिनीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज त्यांची गाडी इस्पितळाच्या दारात उभी असायची. ते स्वतः बाकावर बसून राहायचे आणि दादाला चहा आणून द्यायचे. दादाला त्यांचा लळा लागला होता असं म्हणवत नाही, पण सवय झाली होती. सवयसुद्धा काही कमी नसते.

त्या सगळ्या वर्षांत दादाची पदवी एकदाच उपयोगी पडली. दोन भाऊ स्पर्धांत लबाडी करतात असा संशय होता, पण खुणा कुणाला सापडत नव्हत्या. संघटनेने दादाला विचारलं. त्याने महिनाभर बसून एक पद्धत काढली. ज्या जागी दोन्ही निर्णय सारखेच पटण्यासारखे असतात, तेवढ्याच जागा वेचायच्या. तिथे सरळ खेळणारा माणूस कधी बरोबर ठरतो, कधी चुकतो. जो सारखा बरोबरच ठरतो, त्याला समोरच्याचे पत्ते कळताहेत. भाऊ पकडले गेले. ते कबूलही झाले. दादाने त्या दिवशी मला फोन केला होता. एरवी फोन मीच करायची. "आपलं शिकलेलं वाया नाही गेलं गं," म्हणाला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी फरशीवाल्यांनी कप जिंकला.

त्यांनी तो मांडीवर घेऊन गाडीत आणला आणि आधी दादाच्या घरी दाखवायला आले. मीही तिथे होते. वहिनीने तो टेबलावर ठेवला. फरशीवाले त्याच्याकडे बघत बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, हे तुमच्या नवऱ्याने नाही केलं बरं का. आम्ही दोघांनी केलं." दादा खिडकीशी उभा होता. तो वळलासुद्धा नाही. मला वाटलं, दमला असेल.

हरलेल्यांपैकी कुणीतरी तक्रार केली. संघटनेने नियमाप्रमाणे दादा आणि फरशीवाले या जोडीचे वर्षभराचे डाव काढले आणि दादाच्याच पद्धतीने तपासले.

चौकशीला मी त्याच्याबरोबर गेले. मी कोर्टात टंकलेखक आहे. लोकांच्या साक्षी टाइप करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे अशा खोल्यांची मला भीती वाटत नाही. क्लबाच्या मागची लांबट खोली होती. खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, पंखा आवाज करणारा. समितीचे तिघे होते. अध्यक्षबाई निवृत्त सर्जन होत्या. एका बाजूला फरशीवाले, संतापून लालबुंद. दुसऱ्या बाजूला दादा.

अध्यक्षबाईंनी कागद पुढे सरकवला. "डॉक्टर, निकाल तुमच्या जोडीच्या विरुद्ध आहे. पण पद्धत तुमची आहे. आमच्यापैकी कुणाला हे गणित तुमच्याइतकं कळत नाही. तिच्यात काही खोट असेल तर सांगा, आम्ही ती मान्य करू."

"सांगा ना, डॉक्टर," फरशीवाले म्हणाले. "मी आयुष्यात कधी खूण केलेली नाही. सांगा यांना."

दादाने कागद वाचला. एकदा वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. गणित तपासताना त्याचा ओठ एका बाजूला दुमडतो. या वेळी दुमडला नव्हता. त्याला तपासायचं काही उरलंच नव्हतं.

"पद्धत बरोबर आहे," तो म्हणाला.

फरशीवाले उठून उभे राहिले. दादाने त्यांना हाताने बसायची खूण केली.

"साहेबांनी काही केलेलं नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही. त्यांच्याकडे चांगले पत्ते आले की ते दोन्ही हातांनी, छातीशी धरतात. काही नसलं की एका हातात, आणि हात टेबलावर टेकलेला. बाकी कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी रोज समोर बसतो. मला दिसायचं."

"मग तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"सुरुवातीला वाटलं, बघितलं तरी वापरणार नाही. समोर बसलेल्या माणसाकडे न बघता किती वर्षं बसणार?" त्याने कागद परत सरकवला. "नंतर सांगायची लाज वाटली."

माझी बोटं नकळत मांडीवर हलत होती. ऐकलेलं टाइप करायची सवय.

फरशीवाल्यांना हे कळायला वेळ लागला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे डॉक्टर, मी कधी बरोबर बोली लावली आणि तुम्ही मला ओळखलंत, असं झालंच नाही?"

"झालं साहेब. पुष्कळदा झालं."

"कधी?"

ज्याला दहा वर्षांपूर्वीचा डाव पत्त्यान्‌पत्ता सांगता यायचा, तो दादा टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

फरशीवाल्यांवर ठपका आला नाही. दादावर कायमची बंदी आली. कप परत द्यावा लागला. तो द्यायला फरशीवाले स्वतः आले नाहीत, ड्रायव्हरकडून पिशवीत घालून पाठवला.

चौकशीहून घरी आल्यावर वहिनीने पाणी दिलं आणि विचारलं, "अहो, पद्धत चुकीची आहे म्हणाला असतात, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग काही नाही," दादा म्हणाला आणि पाणी प्यायला.

तो फरशीवाल्यांना भेटायला दोनदा गेला. दोन्ही वेळा मुलाने दार अर्धंच उघडलं. "बाबा झोपलेत," एकदा. दुसऱ्यांदा सरळच, "बाबांना भेटायचं नाहीये." क्लबात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. ते गेल्याचं दादाला पेपरातून कळलं. त्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घालून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

आता तो एका शिकवणीवर्गात उत्तरपत्रिका तपासतो. मालक त्याच्या विद्यार्थ्याच्या वयाचा आहे. तिथे कुणाला काही माहीत नाही. डॉक्टरही कुणी म्हणत नाही.

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतले सर आले होते. केस पांढरे, हातात काठी. मी होतेच तिथे. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला आणि टीपॉयवर ठेवला.

"आपल्या घरात तर बंदी नाही ना? वहिनी आहेत, ताई आहेत, चौघं होतात. त्यांना बसल्या बसल्या शिकवू. झाल्या चुका तर होऊ द्या."

दादाने जोड उचलला, एकदा पिसला. ती सफाई अजून तशीच होती. मग तो सरांच्या हातात परत देत म्हणाला, "सर, तुमच्यासमोर नको."

सरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मला काय दिसायचं राहिलंय? आता मला पत्तेच नीट दिसत नाहीत."

"तुमचं नाही, माझ्या डोळ्यांचं म्हणतोय मी."

सर आणखी थोडा वेळ बसले. चहा घेतला. त्यांना जिन्यापर्यंत सोडून दादा परत आला तेव्हा मी विचारलंच. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "दादा, वापरायला कधीपासून लागलास?"

"तेच कळत नाही," तो म्हणाला. अगदी शांतपणे, एखादं अवघड उदाहरण समजावून सांगावं तसं. "सगळे डाव आठवतात. एकेक घेऊन बघतो. इथे मला बोलीवरून कळलं की हातांवरून? प्रत्येक वेळी वाटतं, बोलीवरूनच कळलं. आणि सगळ्यांची बेरीज केली की येतं, हातांवरून."

मी निघाले तेव्हा वहिनी दारापर्यंत आली. दार मागून ओढून घेतलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "ताई, हल्ली जेवताना माझ्यासमोर बसत नाहीत. बाजूची खुर्ची घेतात."

"विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाले, इकडे उजेड बरा येतो."

"येतो का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तिकडे भिंत आहे."