कोंडलेली बाई प्रतीक नव्हती

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला व्हिक्टोरियन काळातल्या गॉथिक कादंबऱ्या होत्या. जानेफळच्या पलीकडं आमचं गाव. तिथून एसटीनं कॉलेजला जायला दीड तास लागायचा, तेवढ्यात मी मोबाइलवर पीडीएफ वाचून काढायचे. मोठाली घरं, धुकं, पडद्यामागं हलणारी सावली, आणि कुठल्यातरी बंद खोलीत कोंडलेली एक बाई. बाहेर उन्हानं फुफाटा उडत असायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

शिकवणारे सर पुण्याकडचे होते. एका कादंबरीच्या तासाला त्यांनी वहीत उतरवून घ्यायला सांगितलं, "धुकं म्हणजे मनाचा गोंधळ. बंद खोली म्हणजे दडपलेली इच्छा. कोंडलेली बाई ही खरी बाई नाही, ती नायिकेच्या रागाचं प्रतीक आहे."

मी उभी राहिले. "सर, ती बाई खरी काऊन नसन?"

वर्ग हसला. सरही हसले. "काऊन नव्हे, का. तुम्ही इंग्रजीच्या एम.ए.ला आहात."

"बरं, का नसेल? तिला जेवण कोण नेऊन देत होतं, हे लेखकानं लिहिलंच नाही."

"कारण ते महत्त्वाचं नाही," सर म्हणाले आणि पुढचा मुद्दा सांगू लागले. मी पेन खाली ठेवलं. त्या दिवसाचं माझ्या वहीत पुढं काहीच नाही.

मला ते महत्त्वाचं होतं, कारण आमच्या घरी ते ताट मी नेत होते. माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, देऊळगाव राजाकडं दिलेली. दोन बाळं पाठोपाठ गेली, त्यानंतर ती एकटीच बोलायला लागली. सासरच्यांनी एक दिवस तिला आमच्या गावच्या फाट्यावर उतरवून दिलं. तेव्हापासून ती आमच्याकडं. एरवी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलायची, कोंबड्यांना हाका मारायची. पण पाहुणे आले की तिला मागच्या, कापूस साठवायच्या खोलीत बसवून आई बाहेरून कडी लावायची. कोणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त कडी लावायचे. मीही कितीदा लावली आहे.

त्याच उन्हाळ्यात मला पाहायला पाहुणे आले. दुपारचे तीन वाजले होते. आईनं मला साडी नेसवली आणि आत्याला मागं नेलं. आई कडी लावणार, तेवढ्यात मी आत शिरले आणि दाराला आतून अडसर घातला.

खोलीत एक खिडकी, तीही पत्र्यानं अर्धी झाकलेली. कापसाच्या गाठोड्यावर आत्या बसली होती. माझी साडी तिनं दोन बोटांनी चाचपून पाहिली.

"काऊन वं पोरी," ती म्हणाली, "तुले बी कोंडलं का?"

"नाही आत्या. मी सोताहून आली."

तिनं सरकून मला जागा दिली. घामानं माझी पाठ भिजली होती. वीस वर्षं ती इथं काय बघत बसत असेल, हे मी तेव्हा पाहिलं: पत्र्याच्या भोकातून पडणारा उन्हाचा एक ठिपका, तो भिंतीवरून हळूहळू सरकतो. तिनं मला तो बोटानं दाखवला.

वडील दाराशी आले. हलक्या आवाजात म्हणाले, "हे काय लावलं तुनं? पाव्हणे बसले बाहेर."

"आत्या बाहेर बसन तं मी बसन, बाबा. नाहीतं आमी दोघी इथंच."

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

ते ओसरीपर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "या दोघी."

मी आत्याचे केस विंचरले आणि तिला घेऊन ओसरीवर आले. मुलाच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?"

आईनं चहाचा ट्रे पुढं केला. मी म्हणाले, "माझी आत्या. इथंच राह्यते."

आत्यानं त्यांना विचारलं, "चहा गोड झाला का?" त्या बाई म्हणाल्या, "झाला." नंतर आत्या बोटांवर काहीतरी मोजत पुटपुटत बसली. पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी फोनवर नकार आला.

वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खोलीची कडी काढून टाकली. आई बघत होती. अडवलं नाही. परीक्षेत प्रतीकांवरचाच प्रश्न आला. मी लिहिलं की कोंडलेल्या बाईला प्रतीक म्हणणं ही दाराला बाहेरून घातलेली आणखी एक कडी आहे. त्या पेपरात जेमतेम पास झाले. फेरतपासणीला टाकला नाही.

पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं. त्या सकाळी आईनंच आत्याला नवं लुगडं नेसवून ओसरीवर आणून बसवलं. त्या लोकांना मी पसंत पडले. उठताना मुलाच्या वडिलांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन, आत्याकडं बघत विचारलं, लग्नाच्या दिवशी ह्यांची सोय कुठं करणार?

मी ऐकलं आणि तिथल्या तिथं नाही म्हटलं. या वेळी वडील चिडले नाहीत. पाहुण्यांना फाट्यापर्यंत सोडून आले आणि बाजेवर आत्याच्या शेजारी बसून शेंगा सोलू लागले.